कुंपण संकट कुठे वळवते? वऱ्हाडातील भिंती, काट्या आणि तारांचा इतिहास

१) अमरावतीत पत्ता सांगताना जवाहर गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट, माता खिडकी अशी नावे सहज तोंडी येतात. ही सारी नावे एका कुंपणाची आहेत. जुन्या शहराभोवतीच्या त्या दगडी भिंतीला परकोट म्हणतात. या धाग्यात परकोटापासून आजच्या नदीकाठच्या घरांच्या कंपाउंडपर्यंत वऱ्हाडातील कुंपणांचा इतिहास पाहू. सोबत एकच प्रश्न ठेवू: कुंपण घातल्यावर बाहेरचे संकट नाहीसे होते, की दुसऱ्या कोणाकडे वळते?

२) आरंभ १८०३ पासून करावा लागतो. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला आडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीने भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. त्याआधी काही दिवस त्याचा तळ अकोल्यात होता. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. सातपुड्यातील हा बळकट किल्ला तोफा लागल्यावर फार दिवस टिकला नाही. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा हक्क भोसल्यांनी सोडला. तो मुलूख निजामाकडे गेला.

३) गाविलगडाच्या भिंतीची ही गत झालेली असताना १८०७ मध्ये निजाम सरकारने अमरावतीभोवती भिंत बांधायला घेतली, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. मात्र भिंत कोणासाठी होती हे पाहिले की उलगडा होतो. अमरावती ही कापसाची श्रीमंत पेठ होती. येथला कापूस बैलांच्या पाठीवरून नागपूरमार्गे थेट मिर्झापूरच्या बाजारात जात असे. त्या पैशावर डोळा होता पेंढाऱ्यांचा. पेंढारी म्हणजे वेगाने येऊन लुटणारे आणि तितक्याच वेगाने पसार होणारे घोडेस्वार. त्यांच्याकडे तोफखाना नसे आणि वेढा घालून बसायला वेळही नसे.

४) तोफेपुढे जी भिंत कुचकामी ठरली असती, ती घोड्यापुढे पुरेशी होती. परकोटाची उंची २० ते २६ फूट आणि घेर सुमारे सव्वादोन मैल, म्हणजे साडेतीन किलोमीटरांहून थोडा अधिक. पाच दरवाजे आणि चार खिडक्या. अंबागेट, भुसारी गेट, जवाहर गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट हे दरवाजे. माता, पटेल, छत्रपुरी आणि खुनारी या खिडक्या. येथे खिडकी म्हणजे माणसांच्या ये-जा करण्यासाठीचा लहान दरवाजा. दरवाजे गाड्या-बैलांसाठी, खिडक्या पायी चालणाऱ्यांसाठी.

५) आता आपला प्रश्न. परकोट पाहून पेंढाऱ्यांनी धंदा सोडला नाही. त्यांचा बंदोबस्त पुढे दहा वर्षांनी, १८१७-१८ च्या मोहिमेत झाला. मधल्या काळात पेठ सुरक्षित झाली, परंतु घोडेस्वाराला दाणा, वैरण आणि लूट लागतच होती. ज्यांच्याभोवती सव्वादोन मैलांची दगडी भिंत नव्हती, त्या खेड्यांना हे ओझे सोसावे लागणारच होते. व्यापाऱ्यांचे संकट कमी झाले. मुलखाचे संकट मात्र तेवढेच राहिले.

६) खेड्यांचा स्वतःचा उपाय होता गढी. वऱ्हाडात गावाच्या उंचवट्यावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचे हे अवशेष अजून दिसतात. आपल्याकडे वस्तीच्या जागेला 'पांढरी' आणि शेतजमिनीला 'काळी' म्हणतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्या भिंती टिकत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची राख आणि केरकचरा मुरलेली पांढरी माती मात्र बांधकामाला चांगली. धाड येताच गावाने आसऱ्याला जावे ते गढीत. गढी बहुधा पाटील-देशमुखांची असे, तरी संकटाच्या वेळी ती साऱ्या गावासाठी उघडावी अशी अपेक्षा असे.

७) 'साऱ्या गावासाठी' हे शब्द मात्र जपून वापरले पाहिजेत. गावाभोवतीच्या भिंतीला गावकूस म्हणत, तिच्या दरवाजाला वेस. अस्पृश्य मानलेल्यांची वस्ती गावकुसाबाहेर. यातली विसंगती पाहा: गावाच्या शिवेची खडानखडा माहिती असलेला माणूस म्हणजे महार. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई, रात्रीची राखणही त्याच्याकडे असे. गावाची हद्द ज्याच्या स्मरणात सुरक्षित होती, त्याचे घर कुंपणाच्या आत नव्हते. धाड आली तर पहिला घाव कोणावर, हे गावकुसाने आधीच ठरवून ठेवलेले होते.

८) भिंती पडल्या तरी ही रेषा लगेच पुसली गेली नाही. अंबागेटला ज्या अंबादेवीवरून नाव मिळाले, तिच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये अमरावतीत चळवळ उभी राहिली. त्या नोव्हेंबरात शहरातील इंद्रभुवन नाट्यगृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. पेंढाऱ्यांचा धोका संपून शंभरहून अधिक वर्षे लोटली होती. भिंतीचे मूळ कारण विसरले गेले होते, पण आतला-बाहेरचा हा भेद लोकांच्या मनात टिकून होता.

९) आता शहराच्या आणि गावाच्या कुंपणाकडून घराच्या कुंपणाकडे वळू. सामान्य घराच्या अंगणाला दगडी भिंत कोठून येणार? कापूस वेचून झाला की उरतात पऱ्हाट्या, तूर झोडून झाली की उरतात तुराट्या. त्या उभ्या रोवून, आडव्या कामट्यांनी बांधून ताटी करायची; पक्के हवे असेल तर शेण-मातीने लिंपून कूड करायचा. गोठ्याभोवती आणि वाडीभोवती बोराटीच्या आणि बाभळीच्या काट्या. वऱ्हाडाचे घरगुती कुंपण हे अशा रीतीने वऱ्हाडाच्या पिकातूनच निघत असे.

१०) या कुंपणाचे आयुष्य एक-दोन वर्षांचे. जुनी ताटी चुलीत जाई, नवी उभी राही. आज आपण याला दारिद्र्याचे लक्षण समजतो, परंतु त्यात काही गुण होते. खर्च रोख पैशाचा नव्हता, श्रमाचा होता. ओढ्याला पूर आला तर पाणी ताटीतून निघून जाई किंवा ताटीच वाहून जाई. शेजाऱ्याच्या घरात पाणी ढकलण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. दर वर्षी नवे कुंपण घालताना दोन्ही घरांची माणसे हजर असत, म्हणून रेषा कोठे आहे याची उजळणीही दर वर्षी होई.

११) जिवंत कुंपणाचा इतिहास आणखी रंजक आहे. फड्या निवडुंग, घायपात, विलायती चिंच, आणि नदी-नाल्याकाठी माजणारा बेशरम: खेड्यातील कुंपणाची ही नेहमीची झाडे. जनावर यांना सहसा तोंड लावत नाही, म्हणून लोकांनी ती लावली. ही चारही झाडे मूळची अमेरिका खंडातील आहेत. युरोपीय जहाजांनी जोडलेल्या जगातून ती आपल्या धुऱ्यावर आली आणि इतकी रुळली की आपल्याला ती पिढीजात वाटतात. वऱ्हाडात बांधाला धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावर जागतिक व्यापाराचा इतिहास उभा आहे.

१२) १८५३ च्या करारानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवीमुळे तेथला कापूस अडला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे जमीन मोजणी सुरू झाली. शेताला क्रमांक मिळाला, हद्दीवर दगड रोवले गेले, नकाशा झाला. शिवेची साक्ष माणसाच्या स्मरणातून कागदावर गेली. जमिनीची किंमत वाढत होती, तसा हातभर धुऱ्याचाही तंटा होऊ लागला.

१३) १८७१ मध्ये गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला. कोंडवाडा हा शब्द आपल्या परिचयाचा आहे तो या कायद्यामुळे. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालायचे आणि मालकाने दंड भरून सोडवायचे. यात एक मूलभूत निवड दडलेली आहे. पिकाभोवती कुंपण घालणे ही शेतकऱ्याची जबाबदारी, की जनावर आवरणे ही गुरे पाळणाऱ्याची? कायद्याने भार गुरे पाळणाऱ्यावर टाकला. ज्याच्याकडे जमीन थोडी आणि गुरे जास्त, त्याला हे कुंपण कागदाचे असूनही काट्यांपेक्षा जास्त बोचले.

१४) गुरे जाणार कुठे? पूर्वी त्यांना रान होते. इंग्रजी अमलात राखीव जंगले झाली आणि गायरानाची वाट अडली. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये महात्मा फुल्यांनी जंगल खात्याने शेतकऱ्यांच्या गुरांची चराई कशी बंद केली यावर कडक टीका केली आहे. एका बाजूला राखीव रान, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचे पीक आणि मध्ये कोंडवाडा. येथे प्रत्यक्ष भिंत कोठेही नव्हती. कुंपण होते ते सरकारी अधिसूचनेचे.

१५) याच काळात देशात एक अजस्र कुंपण उभे होते. मिठावरील कर चुकू नये म्हणून सरकारने सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जकात रेषा आखली होती. तिच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडांची दाट कुंपणे वाढवली होती आणि पहाऱ्यावर सुमारे १२,००० माणसे होती. काही वर्षे या खात्याचा प्रमुख होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, जो पुढे काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी राहिला. १८७९ मध्ये ही रेषा रद्द झाली. मिठाचा कर मात्र राहिला. काटेरी झाडे गेली आणि कायद्याचे कुंपण तेवढे उरले.

१६) त्या कायद्याच्या कुंपणाला वऱ्हाडाने आव्हान दिले ते १९३० मध्ये. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असताना येथे मिठाचा सत्याग्रह कसा होणार? उत्तर पूर्णा खोऱ्यात होते. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणीच खारे आहे. एप्रिल १९३० मध्ये अकोल्याजवळच्या दहीहांडा येथे विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला गेला. जुलैमध्ये लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. मीठ आणि गवत, दोन्ही गोष्टी लोकांच्या हाताशी होत्या; त्यांच्याभोवतीचे कुंपण तेवढे परके होते.

१७) दहीहांड्याचे नाव अकोल्याच्या जुन्या वेशीलाही आहे. मोर्णा नदीच्या काठी वसलेल्या अकोल्याला औरंगजेबाच्या काळात असदखानाच्या जहागिरीमुळे असदगड मिळाला. दहीहांडा वेस आणि अगरवेस ही नावे त्या-त्या गावांकडे जाणाऱ्या वाटा सांगतात. अमरावतीच्या नागपुरी आणि खोलापुरी गेटचेही तेच. दरवाजाला स्वतःच्या शहराचे नाव देत नसत, समोरच्या वाटेवरील गावाचे देत. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी असदगडाची बरीच मोडतोड केली. वेशींची नावे मात्र लोकांनी टिकवली.

१८) नदीकाठच्या कुंपणाचा उत्तम नमुना अकोला जिल्ह्यातच आहे: बाळापूर. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्ये उंचवट्यावर विटांचा किल्ला उभा आहे. १७५७ मध्ये एलिचपूरच्या इस्माईलखान नवाबाने तो पूर्ण केला. पावसाळ्यात नद्या भरल्या की किल्ला जवळजवळ सर्व बाजूंनी पाण्याने वेढला जाई. म्हणजे नदीलाच कुंपण म्हणून वापरले होते. बांधणाऱ्यांनी नदीची जागा तिला सोडली आणि भिंत उंचावर घातली. नदीच्या पात्राशी झगडणारी भिंत त्यांनी बांधली नाही.

१९) १८७४ मध्ये अमेरिकेत जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचे एकस्व घेतले आणि जगभर कुंपण स्वस्त झाले. आपल्याकडेही आज शेताला काटेरी तार, घराला सिमेंटचे खांब आणि जाळी, ऐपत असेल तर विटांची भिंत. शेतांत रोही आणि रानडुकरे शिरतात म्हणून सौर कुंपण लावले जाते. त्याचा झटका अल्पकाळाचा असतो. मात्र थेट वीजवाहिनीवरून तारेत प्रवाह सोडणे बेकायदेशीर आहे आणि त्यात माणसे मरतात. येथेही जुना प्रश्न कायम आहे. एका शेताला कुंपण झाले की रोही उपाशी राहत नाही. ज्याला तार परवडली नाही त्याच्या हरभऱ्यात शिरतो. सामाईक कुंपणाची मागणी म्हणून योग्य आहे.

२०) आता नदीकाठच्या लहान शहरातील घरे. जुलै २०२१ मध्ये मोर्णेच्या पुराचे पाणी अकोल्याच्या वस्त्यांत शिरले होते. असे पाणी आले की कंपाउंडची सलग भिंत दोनच गोष्टी करते: पडते, किंवा पाणी शेजारी वळवते. शेजारी जर पत्र्याचे घर असेल तर आपले कुंपण त्याचा पूर होते. राज्याच्या जलसंपदा विभागाच्या नकाशांत निळी पूररेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. कुंपणाचा रंग ठरवण्याआधी या दोन रंगांची माहिती घ्यावी.

२१) इतिहासातून व्यवहारापुरते काही निघत असेल तर ते असे. पहिले, मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द मोजून घ्यावी, मोजणीच्या वेळी शेजाऱ्याला बोलवावे आणि भिंतीसाठी नगरपरिषदेची परवानगी घ्यावी. ताटीच्या काळातील दर वर्षीची उजळणी आता होत नाही; एकदाच होणारी ही उजळणी तरी नीट व्हावी. शेतरस्त्याचा प्रश्न असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे धुऱ्यावरून वाट मागता येते, हे कुंपण घालणाऱ्याने आणि अडलेल्याने, दोघांनीही ध्यानात ठेवावे.

२२) दुसरे, माती. काळ्या मातीवर उथळ पायाची भिंत दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते. पाया मुरमापर्यंत नेण्याची तयारी नसेल तर खांब आणि जाळी बरी. जमीन थोडी हलली तरी जाळी सोसते. कोपऱ्याच्या खांबांना तिरपे आधार द्यावेत, कारण तारेचा सारा ताण तेथे येतो. खारपाणपट्ट्यात बोअरचे खारे पाणी सिमेंटमध्ये वापरू नये: आतले लोखंड गंजते, विटांना लोणा लागतो. गढी बांधणाऱ्यांना कोणती माती कशाला चालते हे ठाऊक होते. ते शहाणपण आपण विसरण्याचे कारण नाही.

२३) तिसरे, पाणी. नदीच्या किंवा नाल्याच्या बाजूस जाळी अथवा झाडांचे कुंपण ठेवावे. भिंतच हवी असेल तर खालच्या थरात पाणी जाण्यासाठी पुरेशा मोऱ्या सोडाव्यात आणि पावसाळ्याआधी त्या मोकळ्या कराव्यात. चौथे, वाट. परकोट बांधणाऱ्यांनी पेंढाऱ्यांच्या भीतीतही पायी माणसासाठी चार खिडक्या ठेवल्या होत्या. आपल्या भिंतीमुळे नदीवर जाणारी किंवा शाळेची जुनी पायवाट बंद होत असेल, तर तिथे एक खिडकी सोडण्याचा विचार करता येईल.

२४) 'कुंपणच शेत खाते' ही म्हण आपण विश्वासघातासाठी वापरतो. तिचा दुसरा अर्थही घेता येतो: राखणासाठी उभारलेली रेषा हळूहळू, ज्यांना ती राखायची होती त्यांच्याच गावातील कोणाला तरी गिळू लागते. परकोटाबाहेर खेडी होती, गावकुसाबाहेर महारवाडा होता, राखीव रानाबाहेर गुराखी होता. आज कंपाउंडच्या भिंतीबाहेर नाल्याकाठचे घर आहे. नवे कुंपण घालताना आत काय सुरक्षित होईल हे आपण नेहमी मोजतो. बाहेर कोण उरेल, तेही मोजावे.

२५) परकोटाचे जे भाग आज उभे आहेत, त्यांना अतिक्रमण आणि दुर्लक्ष या दोन्हींपासून जपले पाहिजे. त्या भिंतीतून शहर कोणाला भीत होते आणि कोणाला आत घेत होते, दोन्ही वाचता येते. तुमच्या गावातील वेस, गढी, कोंडवाडा किंवा जुन्या कुंपणाच्या झाडांची स्थानिक नावे ठाऊक असतील तर खाली अवश्य लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहिलेत तर अधिकच उत्तम. धागा समाप्त.